गेरू, चुना आणि नीळ : गावाकडच्या भिंतींचा इतिहास

१/११
महाराष्ट्रातील खेड्यांच्या जुन्या घरांत एक रंगसंगती वारंवार आढळते. जोत्यालगत गेरूचा गडद तांबडा पट्टा आणि त्यावर पांढरी, फिकी पिवळी किंवा फिकी निळी भिंत. आजचे सजावटकार या जोडीला ‘मातकट आणि पेस्टल’ म्हणतात. पण ही जोडी जमली कशी? तिच्यामागे सौंदर्यदृष्टीइतकेच रसायन, पाऊस आणि बाजारभाव आहेत.

२/११
प्रारंभ मातीपासून. मराठी गावगाड्यात जमिनीचे दोन भाग मानले जात : पिकाची ती ‘काळी’ आणि वस्तीची ती ‘पांढरी’. देशावर व मराठवाड्यात हीच पांढरी माती भिंतींना आणि धाब्यांना वापरली जाई. म्हणजे घराचा पहिला रंग गावाच्या नावातच होता. कुंचला नंतर आला.

३/११
गेरू, काव आणि पिवडी ही लोहयुक्त मातीचीच रूपे. पिवळी माती भाजली की तिच्यातील पाण्याचा अंश निघून जातो आणि ती तांबडी होते. हे रंग उन्हाने उडत नाहीत. कोकण-गोव्यातील देवळांच्या भिंतींवरील कावी चित्रेही तांबडी काव आणि पांढरा चुना यांच्याच जोडीतून घडली.

४/११
आता चुना. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवून भिंतीला लावला की हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीच बनतो. भिंतीवर जणू दगडाचा पातळ पापुद्रा चढतो आणि त्यात मिसळलेला रंग त्यातच अडकून बसतो.

५/११
मात्र या पापुद्र्यात मावणाऱ्या रंगाला मर्यादा आहे. रंगाची पूड अधिक झाली, तर चुना तिला धरून ठेवू शकत नाही. हात लावताच भुकटी सुटते. रंग थोडाच घालावा लागतो आणि चुना तर मुळातच शुभ्र. म्हणून चुन्यात कालवलेला प्रत्येक रंग फिकाच उतरतो. ज्याला आज पेस्टल म्हणतात, तो चुन्याचा स्वभाव आहे.

६/११
चुना प्रत्येक रंग स्वीकारतही नाही. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. त्यामुळे पिवळ्या भिंतीसाठी स्वयंपाकघरातील हळद निरुपयोगी. तिथे पिवडीच हवी. मोरचूद मिसळलेल्या चुन्याला फिकी निळसर-हिरवट छटा येते.

७/११
निळ्याची कथा थेट फ्रान्सपर्यंत जाते. अस्सल गडद निळा अफगाणिस्तानातील लाजवर्द दगडापासून मिळे आणि अतिशय महाग असे. १८२४ मध्ये फ्रान्समधील एका संस्थेने किलोला ३०० फ्रँकपेक्षा कमी खर्चात तो कृत्रिमरीत्या बनवणाऱ्यास ६००० फ्रँकचे बक्षीस जाहीर केले. १८२८ मध्ये ते झाँ-बाप्तिस्त गिमे यांना मिळाले.

८/११
हाच कृत्रिम रंग पुढे कपड्यांची नीळ म्हणून घरोघरी पोहोचला. धोतर शुभ्र दिसावे म्हणून आणलेल्या पुडीतील चिमूटभर नीळ चुन्यात पडली. आम्लाने तो रंग नासतो, पण चुन्याच्या क्षारात टिकतो. एकेकाळी लाजवर्दाच्या मोलाने मिळणारी निळाई अशा रीतीने शेतकऱ्याच्या ओसरीवर आली.

९/११
मग तांबडा खाली आणि फिका वर असे का? उत्तर पागोळ्यांत आहे. वळचणीचे पाणी अंगणात आपटते आणि चिखलाचे शिंतोडे भिंतीच्या तळाशी उडतात. गेरूवर ते खपून जातात, चुन्यावर डागासारखे दिसतात. शिवाय खालचा पट्टा तेवढाच पुन्हा सारवणे सोपे. वरचा फिका चुना ऊन परतवतो आणि भिंत कमी तापते.

१०/११
पावसाळा सरला की दसरा-दिवाळीपूर्वी चुन्याचा नवा हात दिला जाई. जुना थर खरवडला जाईच असे नाही. त्यामुळे एकेका भिंतीवर अनेक वर्षांचे थर साचले. कोणत्या काळी पिवडी गेली, नीळ कधी आली, हे बखरीत किंवा दप्तरात सहसा सापडत नाही. ते या पापुद्र्यांत क्रमाने नोंदलेले असते. सामान्य माणसाच्या घराचे हे दप्तरच.

११/११
हे दप्तर आज झपाट्याने नष्ट होत आहे. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट चढला की आतला ओलावा कोंडतो; कालांतराने पोपडे सुटतात आणि सोबत जुने थरही गळून पडतात. ‘जुन्यासारखे’ दिसावे म्हणून तयार छटांचे डबे आणणे सोपे आहे. परंतु वाड्याचे वा घराचे नूतनीकरण करताना एखाद्या कोपऱ्यातील हातभर भिंत न खरवडता तशीच ठेवणे, हे अधिक मोलाचे. उद्याच्या अभ्यासकाला तेवढ्यावरून त्या घराची अनेक वर्षे वाचता येतील.