गोधडीचे तिरके तुकडे अचूक कसे कापायचे? महागडी पट्टी नसली तरी जमते, पण आधी 'उरेब' समजून घ्या

आजीचे लुगडे एकदा चुकीचे कापले गेले की तसे कापड बाजारात पुन्हा मिळत नाही. गोधडीत त्रिकोण किंवा चांदणी घालायची म्हटले की अनेकांचा हात थांबतो, तो याच भीतीने. चौकोन कसेही जमून जातात. तिरका काप आला की टोके जुळत नाहीत आणि मधे फुगवटा येतो.

रील्समध्ये हे फार सोपे दिसते. पारदर्शक पट्टी ठेवली, गोल पात्याचा कटर फिरवला, त्रिकोण तयार. यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीसारख्या गावात शिलाईच्या दुकानात टेप, खडू, कात्री आणि फार तर टेलरची एल-पट्टी मिळते. ६० अंशांची खास पट्टी हवी असेल तर ती सहसा ऑनलाइनच मागवावी लागते. ती मागवावीच का, हा खरा प्रश्न आहे.

एका अंशाने काय बिघडते?

२० सेंटिमीटर लांबीच्या कापात एका अंशाची चूक म्हणजे टोकाला साधारण साडेतीन मिलिमीटरचा फरक. एका तुकड्यात तो दिसतही नाही. पण आठ पाकळ्यांच्या चांदणीत प्रत्येक पाकळी ४५ अंशांची लागते. प्रत्येकीत एकेक अंश कमी पडला, तर शेवटी ८ अंशांची फट उरते. म्हणजे बाहेरच्या कडेला जवळपास पावणेतीन सेंटिमीटर. ती ओढून शिवली की कापड चुरगळते. एकेक अंश जास्त झाला, तर चांदणी सपाट बसतच नाही.

खास पट्टी नेमके काय करते?

क्विल्टिंगची पट्टी जाड अ‍ॅक्रिलिकची असते. तिच्यावर ३०, ४५ आणि ६० अंशांच्या रेषा छापलेल्या असतात. तिच्या जोडीला वापरला जाणारा गोल पात्याचा कटर जपानच्या ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये आणला. पट्टीचा मोठा फायदा कोनापेक्षा हिशेबाचा आहे. शिवणीसाठी सोडायचे कापड तिच्यात आधीच धरलेले असते.

हा हिशेब हातानेही करता येतो. टेलरच्या भाषेत इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. शिवण दोन सुतांची, म्हणजे पाव इंचाची धरली, तर:

चौकोन कर्णावर कापून दोन त्रिकोण काढायचे असतील, तर शिवून हव्या असलेल्या मापात सात सूत मिळवून चौकोन कापा. चार इंचांचा तयार चौकोन हवा असेल, तर चार इंच सात सूत. एका चौकोनातून दोन्ही कर्णांवर कापून चार त्रिकोण काढायचे असतील, तर सव्वा इंच मिळवा. तिन्ही बाजू सारख्या असलेल्या त्रिकोणासाठी कापडाची पट्टी तयार उंचीपेक्षा पाऊण इंच रुंद हवी. मात्र काही विकतच्या पट्ट्यांचे टोक मुद्दाम बोथट असते आणि त्यांना अर्धाच इंच लागतो. व्हिडिओतले माप घरच्या साच्यावर चुकते ते बहुतेक वेळा इथेच.

पट्टी बरोबर, तरी तुकडा वाकडा

कापड उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने ओढले तर फारसे ताणत नाही. तिरके ओढले की रबरासारखे ताणते. या तिरक्या दिशेला शिवणकामात उरेब म्हणतात. गळ्याला उरेब पट्टी लावतात ती याच गुणामुळे, कारण ती वळते. गोधडीत मात्र हाच गुण त्रास देतो. अचूक कापलेला त्रिकोण नुसता हाताळला तरी त्याची तिरकी बाजू लांबते. जुने, धुऊन मऊ झालेले सुती लुगडे तर लगेच ओढले जाते.

म्हणून कापण्याआधी कापडाला हलकी खळ द्यावी, वाळवून इस्त्री करावी. इस्त्री दाबून उचलावी, घासू नये. सरळ दिशा काठावरून ओळखता येते. काठ नसेल तर एक धागा ओढून काढावा, त्याची रेघ उमटते. चौकोनी तुकड्याच्या बाहेर राहणाऱ्या बाजू शक्यतो सरळ धाग्यावर ठेवाव्यात आणि उरेब बाजू आत शिवणीत जाऊ द्यावी.

कंपास पेटी आणि लग्नपत्रिका

शाळेच्या कंपास पेटीतले दोन गुण्ये म्हणजे ४५ आणि ३०-६० अंशांचे तयार साचे. वापरण्याआधी काटकोन तपासा. सरळ रेषेवर गुण्या ठेवून उभी रेघ मारा, तो उलटा करून त्याच जागी पुन्हा मारा. दोन रेघा फाकल्या तर गुण्या बाद. तो कापडावर सरकत असेल तर मागे पॉलिश पेपरचे तुकडे चिकटवा.

गुण्या नसेल तर कागद आहे. कोपरा दुमडून एक कड शेजारच्या कडेवर बसवली की ४५ अंश मिळतात. ६० अंशांसाठी कागद उभा मधोमध दुमडून उघडा. आता खालचा डावा कोपरा मधल्या घडीवर टेकेल असा दुमडा, मात्र नवी घडी खालच्या उजव्या कोपऱ्यातूनच गेली पाहिजे. ती घडी खालच्या कडेशी ३० अंशांचा कोन करते. डावा कोपरा मधल्या घडीवर जिथे टेकला तिथे खूण करा आणि ती उजव्या कोपऱ्याशी जोडा, ६० अंश मिळाले.

षटकोनाला तर कोन मोजावाच लागत नाही. कंपासने वर्तुळ काढायचे आणि तेवढेच अंतर ठेवून परिघावर सहा खुणा करायच्या. जुन्या लग्नपत्रिकेतून असे षटकोन कापा (चमकीच्या पत्रिका नकोत, इस्त्रीखाली चमकी कापडाला लागते). त्यापेक्षा दोन सूत मोठे कापड अंदाजाने कापून कडा पत्रिकेवर दुमडा, कच्चा टाका घाला आणि शेजारचे षटकोन काठावरून बारीक टाक्यांनी जोडा. चारी बाजूंनी जोडून झाले की पत्रिका काढून घ्यायची. इथे कापणे थोडे चुकले तरी चालते, कारण कोन पत्रिका धरून ठेवते.

आधी शिवा, मग कापा

नवशिक्यांसाठी सर्वांत भरवशाची युक्ती हीच. चार इंचांच्या तयार चौकोनासाठी दोन रंगांचे पाच-पाच इंचांचे चौकोन समोरासमोर ठेवा. कर्णाची रेघ मारा, रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत सोडून शिवा आणि मग रेघेवर कापा. दोन दुरंगी चौकोन मिळतात. तिरकी बाजू उघडी पडण्याआधीच शिवली गेल्याने ती ताणत नाही. शेवटी साडेचार इंचांवर छाटायचे.

छाटायला जुन्या एक्स-रे फिल्मचा साडेचार इंची चौकोन कापून त्यावर कर्ण आखून ठेवा. फिल्म आरपार दिसते, त्यामुळे कर्ण शिवणीवर बसवून भोवती खडू फिरवता येतो. दोन्ही कर्ण मोजून सारखे आले तरच तो साचा वापरा.

कोन मोजावाच लागत नाही तेव्हा

घरोघरी शिवल्या जाणाऱ्या गोधडीत पट्टी नसते, ती अडाणीपणामुळे नव्हे. तिथे तुकडे एकमेकांना कडेला कड लावून जोडण्याऐवजी खालच्या अखंड कापडावर ठेवतात, कडा आत दुमडतात आणि धावदोऱ्याने सगळे थर एकत्र शिवतात. तुकडा थोडा तिरका गेला तर शेजारचा त्याच्यावर चढतो, फट उरत नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी स्त्रिया अशाच रीतीने कवंद शिवतात आणि चारी कोपऱ्यांत घड्या घातलेले कापडाचे तुकडे लावतात, त्यांना 'फुला' म्हणतात.

घडीचा त्रिकोण घरी करून पाहण्यासारखा आहे. चार इंचांचा चौकोन कर्णावर दुमडून पुन्हा एकदा दुमडा. ४५ अंशांची दोन टोके असलेला त्रिकोण तयार होतो आणि कापलेल्या कडा सगळ्या एकाच बाजूला येतात. ती बाजू गोधडीच्या किनारीत दाबून शिवली की उरेब कड कुठेच उघडी राहत नाही.