टीव्हीसमोरचं मैदान

आपली सोसायटी २००१ साली नोंदली गेली. त्याच वर्षी जपानच्या निन्टेंडो कंपनीनं ‘गेमक्यूब’ नावाचं खेळाचं यंत्र बाजारात आणलं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे उघड आहे. पण पंचवीस वर्षांत आपल्याकडे मुलांच्या आणि ज्येष्ठांच्या खेळाचं जे काही झालं, ते समजून घ्यायला त्या कंपनीची गोष्ट उपयोगी पडते. पाण्याची टाकी, लिफ्ट आणि रंगकाम यांचा इतिहास या स्मरणिकेत इतरांनी लिहिला आहेच. मी खेळाचा लिहितो. त्यातही हातात रिमोट धरून टीव्हीसमोर खरोखर हात फिरवायचा, त्या खेळांचा.

गेमक्यूब जगभरात सुमारे २ कोटी १७ लाख विकलं गेलं. आकडा मोठा वाटतो, पण सोनीचं प्लेस्टेशन २ पंधरा कोटींच्या वर गेलं होतं. निन्टेंडो मागे पडली. तेव्हाचे तिचे प्रमुख सातोरू इवाता आणि तिथले नामवंत खेळ-रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी मग प्रश्नच बदलला. जे खेळतात त्यांना आणखी ताकदवान यंत्र द्यायचं, की जे कधीच खेळत नाहीत ते का खेळत नाहीत हे बघायचं?

उत्तर अवघड नव्हतं. तोवरच्या कंट्रोलरवर डझनभर बटणं आणि दोन दांड्या असत. नातू सराईतपणे अंगठे चालवायचा, पण आजीच्या हातात तो दिला की ती दोन मिनिटांत खाली ठेवायची. शिवाय दिवाणखान्यात तो अवजड डबा आणि वायरींचं जंजाळ घरातल्या बाईला नकोसं व्हायचं. म्हणून इवातांनी आपल्या लोकांना सांगितलं, की यंत्र तीन डीव्हीडींच्या डब्या एकावर एक ठेवल्या तर होईल तेवढंच जाड असावं. कंट्रोलर टीव्हीच्या रिमोटसारखा केला, कारण रिमोटला घरात कोणीच घाबरत नाही.

अंगाच्या हालचालीनं खेळायची कल्पना तशी जुनी. १९८६ मध्ये जपानच्या बानदाईनं पायानं पळायची सतरंजी काढली. १९८९ मध्ये अमेरिकेत मॅटेलचा ‘पॉवर ग्लोव्ह’ आला. हातमोज्याची जागा तो ध्वनिलहरींवरून ओळखायचा, पण वारंवार चुकायचा. २००३ मध्ये सोनीनं टीव्हीवर ठेवायचा कॅमेरा आणला. यांतलं काहीच घराघरांत रुजलं नाही.

मधल्या काळात एक वस्तू मात्र स्वस्त आणि लहान झाली : प्रवेगमापक. मोटारीच्या एअरबॅगमध्ये धक्का ओळखायला वापरतात ती हीच चिप. तिच्यात सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेलं एक अतिसूक्ष्म वजन असतं. हात झटकला की ते किंचित मागे राहतं आणि तेवढ्यावरून चिपला झटक्याचा जोर आणि दिशा कळते. ही चिप निन्टेंडोनं रिमोटमध्ये बसवली. रिमोटच्या टोकाला अवरक्त प्रकाश पाहणारा छोटा कॅमेराही दिला. टीव्हीखाली जी पट्टी ठेवायची तिला सगळे ‘सेन्सर बार’ म्हणत, पण तिच्यात सेन्सर नव्हताच, नुसते दिवे होते. पट्टी बिघडली तर दोन मेणबत्त्या लावूनही काम भागायचं!

‘वी’ हे यंत्र अमेरिकेत १९ नोव्हेंबर २००६ रोजी विक्रीला आलं. किंमत अडीचशे डॉलर. त्याच महिन्यात आलेलं प्लेस्टेशन ३ पाचशे डॉलरपासून पुढे. सोबत ‘वी स्पोर्ट्स’ ही डिस्क मोफत होती (जपानमध्ये ती वेगळी विकत घ्यावी लागे). तिच्यात टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग असे पाच खेळ होते. टेनिसमध्ये पडद्यावरचं चित्र स्वतःच धावायचं, आपण फक्त वेळेवर हात फिरवायचा. नियम समजावून सांगायला कोणी लागायचं नाही. या डिस्कच्या ८ कोटी २९ लाख प्रती गेल्या, आणि यंत्रं गेली दहा कोटींहून जास्त.

अमेरिकेतल्या वृद्धनिवासांत २००७ पासून या बोलिंगच्या स्पर्धा भरू लागल्या. सात किलोचा चेंडू उचलणं ज्यांना आता शक्य नव्हतं, त्यांच्या हाताला त्याची लय मात्र आठवत होती. थोडे अपघातही झाले. जोरात हात फिरवताना रिमोट सुटून टीव्हीवर आदळू लागले, तेव्हा कंपनीनं सुमारे ३२ लाख मनगटी पट्टे बदलून दिले. हुलियो बोनिस या स्पॅनिश डॉक्टरनं तासन् तास टेनिस खेळून स्वतःचा खांदा दुखवून घेतला आणि त्यावर एका नामांकित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं. दुखण्याला नाव दिलं ‘वीआयटिस’.

आपल्याकडे ही वस्तू आली ती अमेरिकेहून सुट्टीवर आलेल्या लेकाच्या बॅगेतून, २००९ च्या सुमारास, सी विंगमध्ये. तिकडचा अडॅप्टर ११० व्होल्टचा, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्सफॉर्मर आणावा लागला. महिनाभर त्या घराचं दार संध्याकाळी उघडंच असायचं. बेसबॉलमध्ये सगळे कव्हर ड्राइव्ह मारायचे आणि तो लागायचाही, कारण यंत्राला नुसता झटका कळायचा. मी तेव्हा साठीला टेकलो होतो. गुडघ्यांमुळे जिना उतरणं सोडलेल्या एका आजी खुर्चीवर बसून बोलिंग करायच्या आणि भल्याभल्यांना हरवायच्या. मुलगा परत गेला, यंत्र काही दिवस चाललं, मग माळ्यावर गेलं.

जगातही थोडंफार तसंच झालं. २०१० मध्ये सोनीचा ‘मूव्ह’ आला. त्याच्यासाठी मुंबईच्या ट्राईन कंपनीनं गल्ली क्रिकेटचा खेळही केला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचा ‘किनेक्ट’ आला, ज्याला रिमोटही लागत नसे. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख किनेक्ट विकले गेले, आणि २०१७ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं. निन्टेंडोचं पुढचं यंत्र ‘वी यू’ जेमतेम १ कोटी ३५ लाखांवर थांबलं. एकदा घेतलेल्या यंत्रावर बोलिंग खेळणारी आजी दुसरं यंत्र कशाला घेईल? आणि ज्यांना चार मिनिटांचा विरंगुळा हवा होता, त्यांच्या हातात मोबाइल आला. तरी कल्पना संपली नाही. २०२२ च्या ‘निन्टेंडो स्विच स्पोर्ट्स’मध्ये बॅडमिंटनही आहे. ज्या खेळाचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी बांधले आणि ज्याला एके काळी ‘पूना’च म्हणत, तो असा टीव्हीत जाऊन बसला.

हे सगळं लिहिण्याचं कारण सांगतो. यंदाच्या सर्वसाधारण सभेत एक सूचना आली : मागच्या मोकळ्या जागेत आणखी चारचाकींच्या रेषा आखाव्यात, आणि त्या बदल्यात मुलांसाठी क्लब हाऊसमध्ये मोठा टीव्ही आणि असं यंत्र बसवावं. सूचना मांडणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात, चेंडूनं काचा फुटतात, हेही खरंच आहे.

पण ‘त्या बदल्यात’ हे शब्द मला पटत नाहीत. २००७ च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांचा अभ्यास आला होता. १३ ते १५ वर्षांच्या अकरा मुलामुलींना त्यांनी वीवर बोलिंग, टेनिस, बॉक्सिंग खेळायला लावलं. बसून खेळायच्या गेमपेक्षा निदान निम्म्यानं जास्त ऊर्जा खर्च झाली, पण मुलांच्या रोजच्या व्यायामात धरावी इतकी ती नव्हती. आणि यंत्रातली बाहुली स्वतः धावते, ही तर त्या खेळाची मूळ सोयच होती. ज्याला धावता येत नाही त्याच्यासाठी ती मोठी सोय आहे. दहा वर्षांच्या पोरानं मात्र स्वतःच धावायला हवं.

तेव्हा यंत्र जरूर घ्यावं, पण ज्येष्ठांसाठी आणि पावसाळ्यातल्या संध्याकाळींसाठी. सी विंगमधलं यंत्र माळ्यावर गेलं आणि तिकडच्या वृद्धनिवासांत स्पर्धा रंगल्या, याचं कारण मला साधं दिसतं : तिथे खोली सगळ्यांची होती आणि खेळाची वेळ ठरलेली होती. आपल्या क्लब हाऊसची किल्ली वॉचमनकडे मागावी लागते. आधी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ते नेमानं उघडं ठेवू या. मागच्या जागेचा ठराव सभेपुढे आला, तर माझं मत विरोधात नोंदवून घ्यावं, ही कार्यकारिणीला विनंती.