परमुलखात गावची कूड

19 डिसेंबर 1961 पर्यंत गोव्यातून मुंबईला निघालेला माणूस कायद्याने परदेशी निघालेला असे. गोवा पोर्तुगीजांचा, मुंबई आधी इंग्रजांची आणि 1947 नंतर स्वतंत्र भारताची. वाटेत दोन सरकारांच्या जकाती, दोन नाणी, दोन कायदे. मात्र या परक्या शहरात उतरल्यावर गोव्याच्या बार्देश किंवा सासष्टी तालुक्यातला ख्रिस्ती माणूस हॉटेल शोधत नसे. तो थेट आपल्या गावच्या कुडीत जाई. मराठीत कूड म्हणजे काटक्या आणि चिखलमातीची भिंत. कोकणीत मात्र कूड म्हणजे खोली. मुंबईतल्या गोवेकरांनी या शब्दाला तिसरा अर्थ दिला. एका गावच्या लोकांनी मिळून भाड्याने घेतलेली, सगळ्यांची सामाईक उतरण्याची जागा ती कूड. पाटीवर तिचे नाव ‘क्लब’ असे आणि पुढे गावाचे व त्या गावच्या संताचे नाव लागे.

या स्थलांतराची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोधावी लागते. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात इंग्रजांच्या पलटणी गोव्यात तळ देऊन होत्या; 1813 मध्ये त्या परत गेल्या. तोवर साहेबाचे स्वयंपाकघर आणि साहेबाचा पगार, दोन्ही गोवेकरांच्या ओळखीचे झाले होते. गोमांस, डुकराचे मांस, दारू यांपैकी कशालाही हात लावायला ख्रिस्ती गोवेकराला अडचण नव्हती. त्यामुळे युरोपियनांच्या घरी आणि क्लबांत आचारी, बटलर म्हणून त्याला मागणी आली. चर्चमुळे वाद्यांची आणि स्वरलिपीची ओळख असल्याने बँडमध्येही त्याला जागा मिळाली. पुढे आगबोटी वाढल्या, 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि पी. अँड ओ., ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर जेवणघर व प्रवाशांची सरबराई हे काम जवळजवळ गोवेकरांचेच होऊन बसले. त्याच बोटींच्या डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी असत. किनारा एकच, पण बोटीवरचे मजले वेगळे.

मुंबईला पोचणे मात्र सोपे नव्हते. शिडाच्या होड्यांचे दिवस वाऱ्याच्या मर्जीवर चालत. आगबोट आल्यावर पणजी ते मुंबई हा प्रवास साधारण एका दिवस-रात्रीचा झाला. पण वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरे घेत जायचे आणि बहुतेकांनी डेकवर वळकटी पसरून, ट्रंकेला पाठ टेकून रात्र काढायची. पावसाळ्यात हा मार्ग बंदच. रेल्वेची सोय झाली ती 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर. मुरगाव बंदरापासून दूधसागरच्या घाटातून कॅसलरॉकपर्यंतचा मार्ग 1888 मध्ये पूर्ण झाला. कुळे येथे पोर्तुगीज तपासणी, घाट चढून वर गेल्यावर कॅसलरॉकला इंग्रजांची. ट्रंका पुन्हा उघडायच्या, पुन्हा बांधायच्या. मग लोंढा, बेळगाव, मिरज करीत मीटरगेज रुळांवरून पुणे आणि तिथे गाडी बदलून मुंबई. नकाशावर जवळ दिसणारे हे शहर असे घाट चढून, देशावरून मोठा वळसा घालून गाठावे लागे.

धोबीतलाव, काव्हेल, माझगाव या भागांत कुडी एकवटल्या होत्या. धोबीतलावच्या जेर महाल या एकाच इमारतीत कितीतरी गावे मजल्यामजल्यावर नांदत. कुडीत खाट मिळत नसे. सभासदाला मिळे ती भिंतीकडेची ट्रंकेपुरती जागा आणि रात्री जमिनीवर चटई पसरण्याचा हक्क. माणूस बोटीवर गेला तरी ट्रंक तिथेच राही. महिन्याची वर्गणी किरकोळ असे; नोकरी नसलेल्याची थकली तरी सांभाळून घेत. खोलीच्या दर्शनी भागात गावच्या संताची वेदी असे आणि संध्याकाळी तिच्यापुढे सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची, हा नियम. चुकणाऱ्याला दंड. दारू, जुगार, भांडण यांनाही मनाई. गावच्या चर्चचे फेस्त, म्हणजे संताचा उत्सव, ज्या दिवशी, त्याच दिवशी ते कुडीतही साजरे होई. कोणी वारला तर दफनाची व्यवस्था कुडीच्या फंडातून होई.

हे सगळे ऐकायला धर्मशाळेसारखे वाटते, पण धर्मशाळा कोणालाही दार उघडते. कूड फक्त आपल्याला ओळखणाऱ्यांसाठी होती. नव्याने आलेल्या पोराचा बाप कोण, वाडा कोणता, हे तिथे आधीच ठाऊक असे. त्यात आधार होता तसा पहाराही होता. शहरात केलेली आगळीक पुढच्या बोटीने गावी पोचे. गावातला जातिभेदही ट्रंकेबरोबरच आला आणि काही गावांच्या कुडी वाड्यावाड्यांत, जातीजातींत विभागल्या. बायकांना तर या व्यवस्थेत जागाच नव्हती. आया म्हणून काम करणाऱ्या गोवेकरणींना मालकाच्या घरी किंवा नातेवाइकांकडे निवारा शोधावा लागे.

कुडीचा खरा धनी म्हणावा तो खलाशी. महिनोन् महिने समुद्रावर काढून बोट मुंबईला लागली की तो आधी कुडीत येई. हिशेब चुकता करून, खरेदी करून मग गावी जाई. सुट्टी संपली की परत मुंबई. तिथे पुढच्या बोटीवर नाव लागेपर्यंत आठवडे, कधी महिने, वाट पाहणे आले. नोकरीचे दाखले पत्र्याच्या नळीत जपून ठेवलेले असत, म्हणून दाखल्यालाच ‘नली’ म्हणत. जमीन आणि समुद्र यांच्यामधला हा रिकामा काळ पत्ते, गाणी आणि गावच्या गप्पांत जाई. कोकणी तियात्राला पहिला प्रेक्षक मिळाला तो याच मुंबईकर गोवेकरांत. लुकाझिन रिबेरो यांचा ‘इटालियन भुरगो’ 17 एप्रिल 1892 रोजी मुंबईत रंगमंचावर आला आणि तियात्राचा इतिहास तिथून मोजतात. गोव्याचा हा नाट्यप्रकार गोव्याबाहेर जन्मला, हे कुडींचा पसारा पाहिला की नवलाचे वाटत नाही.

मुंबईत अशी सोय करणारे गोवेकर एकटेच नव्हते. परळ-लालबागच्या चाळींत रत्नागिरी आणि साताऱ्याकडच्या गिरणी कामगारांच्या गावकीच्या खोल्या होत्या, पाळी बदलली की अंथरुणावरचा माणूस बदले. कोकणी मुसलमान खलाशांच्या गावजमातींच्याही खोल्या होत्या. फरक इतकाच की गिरणी कामगार परमुलखात आलेला नव्हता.

गोवा आणि भारत यांच्यामधली ही सरहद्द सर्वांत जाचक झाली ती स्वातंत्र्यानंतर. गोवामुक्तीसाठी झालेल्या 1955 च्या सत्याग्रहानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी कडक केली, रेल्वेची ये-जा थांबली आणि मुंबईतल्या अनेकांचे गावी जाणे परवान्यांवर अडकून पडले. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला आणि सरहद्दच गेली. सत्तरच्या दशकात आखाती देशांत नोकऱ्या निघाल्या, तेव्हा व्हिसा आणि विमानाची वाट पाहणाऱ्या तरुणांनी कुडी पुन्हा भरल्या. नंतर ओहोटी लागली. बोटींवरच्या नोकऱ्यांचे स्वरूप बदलले, कुटुंबे उपनगरांत स्थिरावली, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मडगाव-मुंबई हा एका रात्रीचा प्रवास झाला. जुन्या इमारतींबरोबर काही कुडी बंद पडल्या. धोबीतलावच्या ज्या थोड्या टिकल्या आहेत, तिथे आजही बोटीवर जाणारे गोवेकर दाखल्यांच्या आणि वैद्यकीय तपासणीच्या कामासाठी येऊन उतरतात.