बँकॉकमधील प्रवास : टॅक्सी कोणती, कुठे आणि कशी घ्यावी?

मुंबईहून विमानाने अवघ्या साडेचार तासांच्या अंतरावर असलेले बँकॉक हे अनेक मराठी कुटुंबांच्या पहिल्या परदेश प्रवासाचे ठिकाण असते. विमानाचे तिकीट आणि हॉटेलचे आरक्षण महिनाभर आधीच होते. शहरात फिरायचे कसे, याचा विचार मात्र विमानतळाबाहेर पडल्यावर सुरू होतो. नेमक्या याच वेळी पर्यटक फसण्याची शक्यता सर्वाधिक असते. वस्तुतः बँकॉकमधील सार्वजनिक वाहतूक स्वस्त आणि विस्तृत आहे. कोणत्या वेळी कोणते वाहन निवडावे, एवढेच ठाऊक असणे आवश्यक असते.

विमानतळावरून शहरात

सुवर्णभूमी विमानतळ २८ सप्टेंबर २००६ रोजी प्रवाशांसाठी पूर्णपणे खुला झाला. आगमन कक्षात ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत जवळ येणाऱ्या व्यक्तींकडे दुर्लक्ष करून थेट तळमजल्यावर जावे. तेथील अधिकृत रांगेत यंत्रातून चिठ्ठी मिळते. चिठ्ठीवरील क्रमांकाच्या जागी उभी असलेली टॅक्सी प्रवाशाची असते. ही चिठ्ठी चालकाने मागितली तरी देऊ नये. तक्रार करण्याची वेळ आल्यास तोच पुरावा ठरतो. मीटरच्या भाड्याव्यतिरिक्त विमानतळ अधिभार आणि द्रुतगती मार्गाचा टोल प्रवाशाने द्यावयाचा असतो. ही मागणी नियमानुसार असल्याने त्यावरून वाद घालण्याचे कारण नाही.

सामान मोजके असेल तर २०१० मध्ये सुरू झालेली विमानतळ रेल्वे अधिक सोयीची आहे. ती सुमारे अर्ध्या तासात फाया थाय स्थानकावर पोहोचते आणि तिथून उन्नत रेल्वे मिळते. मात्र ही गाडी मध्यरात्रीनंतर बंद असते. त्यामुळे भल्या पहाटे उतरणाऱ्यांना टॅक्सीच गाठावी लागते.

मीटर आणि नकार

बँकॉकमध्ये मीटर टॅक्सी १९९२ मध्ये आली. त्या वेळी सुरुवातीचे भाडे ३५ बाथ होते. पुढे किलोमीटरचे दर वाढले. पण जानेवारी २०२३ च्या दरवाढीनंतरही साध्या मोटारीचे सुरुवातीचे भाडे ३५ बाथच राहिले. चालकांच्या नकाराचे मूळ बऱ्याच अंशी यात आहे. अनेक चालक मालकाकडून बारा तासांच्या पाळीसाठी गाडी भाड्याने घेतात. ते भाडे आणि इंधनाचा खर्च निघाल्यावर जे उरेल ती त्यांची कमाई. वाहतूक कोंडीत अडकलेल्या गाडीचे मीटर संथ गतीने पुढे सरकते आणि चालकाचा वेळ मात्र जातो. दुपारी तीन-चारच्या सुमारास पाळी बदलते. त्या वेळी गाडी परत करावयाची असल्याने विरुद्ध दिशेचे भाडे नाकारले जाते.

पर्यटकांनी याचा राग न धरता पुढची टॅक्सी थांबवावी. समोरच्या काचेत लाल दिवा दिसत असेल तर टॅक्सी रिकामी आहे असे समजावे. बसण्यापूर्वी ठिकाण सांगावे आणि मीटर लागेल याची खात्री करून घ्यावी. चालकाने ‘तीनशे बाथ’ असा ठोक आकडा सांगितल्यास नम्रपणे दार बंद करावे. हॉटेल किंवा प्रसिद्ध मंदिरासमोर थांबून राहिलेल्या टॅक्सीपेक्षा रस्त्यावरून धावणारी टॅक्सी सामान्यतः अधिक विश्वासार्ह असते. हिरव्या-पिवळ्या दुरंगी गाड्या खासगी मालकीच्या, तर एकरंगी गाड्या कंपन्यांच्या किंवा सहकारी संस्थांच्या असतात. परंतु रंगावरून चालकाची सचोटी ठरत नाही. बसल्यावर चालकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र आणि गाडीचा क्रमांक पाहून ठेवावा.

भाषेची अडचण मोठी आहे. थाई भाषेत स्वर चढवला-उतरवला की शब्दाचा अर्थ बदलतो. त्यामुळे रोमन लिपीत वाचून उच्चारलेले नाव चालकाला कळेलच असे नाही. हॉटेलचे नाव व पत्ता थाई लिपीत छापलेले कार्ड जवळ ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय.

भ्रमणध्वनीवरील सेवा

उबरने आग्नेय आशियातील आपला व्यवसाय मार्च २०१८ मध्ये ग्रॅबकडे सोपवला. ग्रॅब आणि बोल्ट या सेवा आता शहरात सर्रास वापरल्या जातात. भाडे आधीच कळते आणि पत्ता सांगावा लागत नाही, हे त्यांचे मोठे लाभ. पाऊस आणि गर्दीच्या वेळी मात्र हे भाडे मीटरपेक्षा बरेच चढते. रात्री एकट्याने प्रवास करणाऱ्यांनी पडद्यावरील क्रमांक गाडीच्या पाटीशी जुळवूनच बसावे.

टुक-टुक आणि ‘राजवाडा बंद आहे’

टुक-टुकला मीटर नसतो. गंमत म्हणून एखादी फेरी मारण्यास हरकत नाही. मात्र भाडे आधी ठरवावे. राजवाड्याच्या परिसरात एखादा सुवेष गृहस्थ भेटतो. आज राजवाडा बंद आहे, असे तो आपुलकीने सांगतो आणि अवघ्या वीस बाथमध्ये शहर दाखवणारी टुक-टुक बोलावून देतो. ही फेरी हमखास रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात थांबते. ग्राहक आणल्याबद्दल चालकाला तिथून दलाली मिळते. तिथे चढ्या भावात घेतलेल्या रत्नांचे पैसे परत मिळणे अतिशय कठीण असते. त्यामुळे वीस बाथची ही फेरी अनेकांना सहलीच्या एकूण खर्चाहून महाग पडली आहे. राजवाडा एरवी रोज सकाळी साडेआठला उघडतो. शाही समारंभामुळे तो बंद असल्यास तसे प्रवेशद्वारावर कळते. त्यामुळे वाटेत कोणी काहीही सांगितले तरी प्रवेशद्वारापर्यंत जावे.

रेल्वे आणि होड्या

सकाळी आणि सायंकाळी कोंडीच्या वेळी रस्ता टाळणेच श्रेयस्कर. उन्नत रेल्वे (बीटीएस) ५ डिसेंबर १९९९ रोजी, तर भुयारी रेल्वे २००४ मध्ये सुरू झाली. बीटीएसचे सुखुमवित आणि सीलोम हे मार्ग सियाम स्थानकात एकत्र येतात. भुयारी रेल्वेचे सनाम चाय स्थानक २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून वाट फो मंदिर आणि राजवाडा पायी जाण्याच्या अंतरावर आले आहेत.

चाओ फ्राया नदीवरील प्रवासी होड्या सफान ताक्सिन स्थानकालगतच्या सातोर्न धक्क्यावरून सुटतात. त्यांवरील निशाणाच्या रंगावरून थांबे आणि दर ठरतात. प्रतूनाम भागात उतरलेल्यांना सेन सेप कालव्यातील होडी उपयुक्त आहे. मात्र ती धक्क्यावर क्षणभरच थांबते. वृद्ध व लहान मुले सोबत असल्यास ती टाळावी. गल्लीच्या तोंडाशी नारिंगी जाकिटातील मोटारसायकल चालक उभे असतात. त्यांच्या वाहनावर बसण्यापूर्वी हेल्मेट मागावे आणि आपला प्रवासविमा दुचाकीला लागू आहे का, हे तपासावे.

तक्रार कोठे करावी?

टॅक्सीविषयीची तक्रार भूपरिवहन विभागाच्या १५८४ या क्रमांकावर करता येते. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ असून तेथे इंग्रजीतून बोलता येते. गाडीचा क्रमांक, वेळ आणि ठिकाण सांगता आले तरच तक्रारीचा उपयोग होतो. एखादी पिशवी गाडीत विसरल्यास तिचा शोधही त्याच क्रमांकाच्या आधारे घेता येतो. म्हणूनच दार लावताना क्रमांक टिपून ठेवण्याची सवय कुटुंबातील एका सदस्याने तरी लावून घ्यावी.