ओहोळ ते पिंप: शहापूर-मुरबाडमधला डास

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत हिवतापाचा हंगाम पावसाने पाठ फिरवली की सुरू होई. ओहोळांची धार तुटे, कातळातल्या खळग्यांत आणि नदीपात्राच्या कडेला स्वच्छ पाण्याची डबकी उरत. ऐन भातकापणीच्या तोंडावर घरचा कर्ता माणूस हीव भरून गोधडीत शिरे, तास-दोन तासांत अंग भाजू लागे आणि मग घाम फुटून ताप उतरे. मधला दिवस बरा जाई, तिसऱ्या दिवशी पुन्हा हुडहुडी. या पाळीच्या तापाला एकांतरा म्हणत. काडेकिराईत किंवा सातविणीच्या सालीचा काढा हा त्यावरचा घरगुती इलाज. वरचेवर ताप येणाऱ्या पोरांची पाणथरी वाढून पोटे पुढे येत. गावात हिवताप किती मुरला आहे हे मोजायला डॉक्टरांनी पुढे हीच खूण धरली.

ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर 1882 साली निघाले, तेव्हा अशा तापाचे खापर दमट हवेवर आणि कुजक्या पाल्यावर फुटे. डासावर ते फुटणे शक्यच नव्हते. हिवतापाचा परजीवी लाव्हराँ यांनी 1880 साली अल्जीरियात माणसाच्या रक्तात पाहिला होता. पण तो डासाच्या पोटात रोनाल्ड रॉस यांना दिसला तो 20 ऑगस्ट 1897 रोजी, सिकंदराबादेत. तेव्हापासून नुसते ‘डास’ म्हणून भागेनासे झाले. हिवताप पसरवते ती अ‍ॅनॉफिलीस प्रजातीची मादी, आणि या प्रजातीतल्याही मोजक्याच जाती.

ग्रामीण भागातली प्रमुख जात क्यूलिसिफेशीस. नदीतल्या डबक्यांत आणि नुकत्याच लावणी झालेल्या खाचरांत ती अंडी घालते. भात वाढून पाण्यावर सावली धरली की तिथून हटते. तिला माणसापेक्षा गुरांचे रक्त अधिक आवडते. पण गोठा आणि माजघर एकाच छपराखाली असले की आवडीनिवडीला फारसा अर्थ उरत नाही. डोंगरउतारावरच्या संथ झऱ्यांत वाढणारी जात फ्लुव्हिएटिलिस. तिसरी, स्टिफेन्साय, शहरी: विहिरी आणि टाक्यांतली.

या तिसरीशी शहापूरचा संबंध आला तो दुरून. तालुक्यातल्या तानसा धरणाचे पाणी 1892 साली मुंबईला पोहोचले. पुढे मुंबईच्या हिवतापाची पाहणी करणाऱ्या डॉ. बेंटली यांनी 1911 च्या अहवालात शहरातल्या विहिरींवर बोट ठेवले आणि त्या बुजवण्या-झाकण्याची मोहीम निघाली. नळाला पाणी असलेल्या शहरालाच हे परवडते. मुंबईच्या विहिरी बुजल्या त्यात तानसाचा वाटा मोठा आहे, आणि तो क्वचितच मोजला जातो.

खेड्यांचा उपाय आला दुसऱ्या महायुद्धानंतर. मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत डीडीटीची मोठी मोहीम राबवली. 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि 1958 साली ‘नियंत्रणा’च्या जागी ‘निर्मूलन’ हा शब्द आला. रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर विसावतो, म्हणून औषध भिंतीवर मारायचे, हे त्यामागचे साधे तर्कशास्त्र. फवारणीवाले स्टिरप पंप घेऊन घरोघर फिरत. पहिल्या फवारणीत ढेकूणही मेले, त्यामुळे लोक खूश होते. ढेकूण औषधाला सरावले तशी ही खुशी ओसरली. त्यात भिंती कुडाच्या, कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेल्या. सणापूर्वी बाईने भिंत सारवली की औषध सारवणाखाली जाई.

आकडे तरीही थक्क करणारे आहेत. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला सुमारे 7.5 कोटी रुग्ण आणि 8 लाख मृत्यू होते. 1960 च्या दशकाच्या मध्याला रुग्ण 1 लाखाच्या आसपास आले. मग पथके ढिली पडली, क्यूलिसिफेशीस डीडीटीला दाद देईनाशी झाली आणि 1976 साली रुग्णसंख्या 64 लाखांवर गेली. ‘निर्मूलन’ हा शब्द घाईचा ठरला.

हिवताप पुन्हा उतरला, तोवर पाण्याची रीत बदलली होती. शहापूर तालुक्यात भातसाचे धरण झाले. आज मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा त्याचा आहे. त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो. टँकरचे पाणी पिंपात साठते आणि पिंपातला डास वेगळा: पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा एडिस इजिप्ती. डेंग्यू आणि चिकुनगुन्या त्याचे. चिकुनगुन्याने 1973 साली सोलापूर जिल्ह्यातली बार्शी गाजवली, मग तीन दशके दडी मारली आणि 2006 साली राज्यभर माणसांचे सांधे धरले. बाजारपेठांच्या गटारांत वाढणारा क्युलेक हत्तीरोगाचा वाहक. ठाणे जिल्हा त्या रोगाच्याही यादीत आहे.

अ‍ॅनॉफिलीससाठी डबक्यांत गप्पी मासे सोडता येतात, अ‍ॅबेट हे अळीनाशक टाकता येते. पिंपाचे काम घरच्यांनाच करावे लागते. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर, पिंपाच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करायचे, आतून घासायचे, वाळवायचे आणि मगच टँकरखाली धरायचे.