डायनो चाचणी, ऑटोमॅटिक गाडीची
चॅसिस डायनोच्या रोलरवर मोजली जाते ती चाकांपर्यंत पोचलेली ताकद, इंजिनची नव्हे. ऑटोमॅटिक गाडीत हा फरक अधिक फसवा, कारण टॉर्क कन्व्हर्टरमधले पंप आणि टर्बाइन वेगवेगळ्या गतीने फिरत असताना टॉर्क फुगतो नि काही शक्ती तेल तापवण्यात जाते. त्यात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की गिअरबॉक्स आपणहून खालचा गिअर घेतो, आलेख मध्येच उडी मारतो. म्हणून १:१ च्या जवळचा गिअर धरून, पंप आणि टर्बाइन एकत्र जखडणारा लॉक-अप क्लच लागलेला असतानाची मोजणीच ग्राह्य मानावी. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याच्या कोंडीत रांगणाऱ्या गाडीचा कन्व्हर्टर घसरतच असतो, मग हा आकडा कशाला, हा आक्षेप रास्त. पण त्याला उत्तर देणारी चाचणी निराळी. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत (स्थापना १९६६) रोलरवर थांबत-चालत ठरावीक वेगचक्र पुरे करून धूर आणि इंधन मोजतात, ताकद नाही.