धुळाक्षरांचा प्रवास

मुलाला अक्षरओळख करून द्यायची म्हणजे आधी चित्रांचं पुस्तक हातात ठेवायचं, ही रीत छापखान्यानंतरची. त्याआधी पुस्तक सगळ्यात शेवटी यायचं, आलंच तर. पंतोजींच्या ओसरीवर पहिला मान धुळीचा. लाकडी फळीवर बारीक धूळ नाहीतर विटेची भुकटी पसरायची. पंतोजी त्यात काडीने अक्षर काढून देत. पोराने त्याच वळणावरून काडी फिरवत राहायचं आणि फिरवताना अक्षर मोठ्याने म्हणायचं. चुकलं तर धूळ सारखी केली की फळी कोरी. शाईचा खर्च नाही, कागद वाया जाण्याची भीती नाही. हीच धुळाक्षरं. वाचन वेगळं शिकवायची गरजच पडत नसे; हाताला आणि तोंडाला जे बसलं, ते डोळा ओळखायचा.

फळी हिशेबालाही चालायची. श्रीधराचार्यांच्या ग्रंथाचं नावच ‘पाटीगणित’, आणि अरब गणिती अशा आकडेमोडीला ‘गुबार’ म्हणजे धुळीचं गणित म्हणत. दगडी पाटी नंतरची.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ही धूळ समुद्रापार गेली. मद्रासजवळ एगमोरला लष्करातल्या गोऱ्या शिपायांच्या अनाथ मुलांसाठी एक आश्रमशाळा होती. तिचा प्रमुख अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री. फिरायला गेला असताना त्याने एका देशी शाळेतली मुलं वाळूत बोटाने अक्षरं काढताना पाहिली आणि आपल्या शाळेत तसंच करायला सांगितलं. मास्तरांना ते कमीपणाचं वाटलं, त्यांनी दाद दिली नाही. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या मुलालाच धाकट्यांचा मास्तर करून टाकलं. १७९७ मध्ये लंडनला त्याने या प्रयोगावर पुस्तिका छापली. त्याच सुमारास तिकडे जोसेफ लँकेस्टर गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवत होता. त्याच्याकडेही नवशिके वाळूच्या मेजावर अक्षरं गिरवत. वाचायला प्रत्येकाला पुस्तक परवडणारं नव्हतं, म्हणून ठळक अक्षरांत छापलेला एकच तक्ता भिंतीवर टांगायचा आणि पोरांनी त्याच्याभोवती अर्धगोल करून उभं राहायचं.

मग १८२० नंतर गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या मुंबई इलाख्यात शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी मंडळी स्थापन झाली, तेव्हा त्यांनी मराठी शाळांसाठी आणली ती लँकेस्टरची पद्धत! मद्रासची वाळू लंडनचा शिक्का घेऊन परतली. उधार घेणाऱ्याने मूळ धन्यालाच व्याजाने कर्ज द्यावं, तसला हा प्रकार. अर्थात नवं काहीच आलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. भिंतीवरचा तक्ता खरोखर नवा होता. पंतोजींचं पोर जे अक्षर गिरवायचं ते पंतोजींच्या हातचं असायचं. त्यांचा ‘क’ वाकडा तर पोराचाही वाकडा. रामदासांनी दासबोधात लेखनक्रियेवर एक आख्खा समास खर्चला आहे, तो वळणाचा भरवसा हातावरच होता म्हणून. छापील तक्त्यातला ‘क’ मात्र गावोगाव एकच.

छापखान्याने लिपीचाही निकाल लावला. पंतोजींकडे हिशेबासाठी आणि पत्रव्यवहारासाठी मोडी, पोथीसाठी बाळबोध, म्हणजे देवनागरी. मिशनरी विल्यम कॅरीने १८१० मध्ये मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला खरा, पण हात न उचलता लिहायची लिपी सुट्या खिळ्यांत जुळवणं गैरसोयीचंच. पुस्तकं देवनागरीत निघत गेली. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने तिचे इतके सुबक खिळे पाडले की डोळ्यांना तेच वळण प्रमाण वाटू लागलं. मोडी शाळांतून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रेंगाळली, मग गेली.

अंकलिपी या छापील जगाचं लाडकं अपत्य. मागे पावकी, निमकी, पाऊणकी, पुढे मुळाक्षरं आणि प्रत्येक घरात एक चित्र. ‘अ’ अननसाचा. फळ दक्षिण अमेरिकेतलं, पोर्तुगीजांच्या गलबतांतून किनाऱ्याला लागलेलं, आणि मान मराठी वर्णमालेत पहिला! चित्राची पंचाईत होते ती ‘ण’ आणि ‘ळ’पाशी, कारण त्यांनी सुरू होणारा शब्द मराठीत नाही. मग ‘ण’ बाणाचा, ‘ळ’ बाळाचा. सुरुवातीचं अक्षर बघ म्हणून शिकवलेल्या मुलाने इथे एकाएकी शेवटचं बघायचं. पोरं हे मुकाट्याने मान्य करतात, हा त्यांचा मोठेपणा.

धूळ फुकट होती, पण ओसरीवर चढायची मुभा सगळ्यांना नव्हती. १८४८ मध्ये भिडेवाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली, तेव्हा पुण्यात भांडण पाटीचं नव्हतंच, ती कोणाच्या हातात जाते याचं होतं. पुढे शंभरेक वर्षांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच उचलून आदिवासी पाड्यांवर, अंगणात नेली. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात माँटेसोरी पद्धत शिकलेल्या. तिच्यात खरखरीत कागदाची अक्षरं असतात. मूल त्यांवरून बोट फिरवतं आणि उच्चार करतं. रोममधल्या माँटेसोरीबाईंना ओसरीवरचे पंतोजी ठाऊक असण्याचं कारण नाही, पण बोट, वळण आणि आवाज ही त्रयी तीच. आज माँटेसोरीच्या नावाने वाळूचे ट्रे विकत मिळतात, चांगल्या किमतीला.

वळण कोणाचं, हा प्रश्न मात्र अजून मिटलेला नाही. २००९ मध्ये महाराष्ट्र सरकारने शासन निर्णय काढून मराठी वर्णमाला आणि अक्षरांचे आकार ठरवून दिले. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ रीतसर आत आले आणि बाराखडीची चौदाखडी झाली. ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा, असंही ठरलं. पण मोबाइलवरचे बरेचसे देवनागरी टंक हिंदीच्या वळणाचे. त्यामुळे पहिलीतलं मूल पाटीवर पाकळीचा ‘ल’ गिरवतं आणि आईच्या फोनवर दंडाचा वाचतं. पुष्कळ दुकानांच्या पाट्याही आता त्याच टंकांत छापून येतात.